दोन रुग्णांमधला वेळ

१९८१ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात एका बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यातून गोवर पसरला. मूळ रुग्ण बारा वर्षांचा मुलगा, अंगावर पुरळ आणि सारखा खोकला. तो तासभर दवाखान्यात होता आणि त्यातला बहुतेक वेळ तपासणीच्या एकाच खोलीत. पुढे ज्या मुलांना लागण झाली त्यांचा माग काढल्यावर कळलं, की त्यांतली तीन मुलं त्याच्याबरोबर एका खोलीत कधी आलीच नव्हती. एक मूल तर तो घरी गेल्यावर तासाभराने दवाखान्यात पोचलं होतं.

तो दवाखाना दातांचा नव्हता, पण जागेची रचना ओळखीची आहे. आपल्याकडचा दातांचा दवाखाना म्हणजे बहुधा तळमजल्यावरचा गाळा किंवा दोन खोल्यांचा फ्लॅट. बाहेर सोफा किंवा बाक, टीपॉयवर जुनी मासिकं, कोपऱ्यात मुलांसाठी चार खेळणी, मधे काचेचं पार्टिशन, आत एक किंवा दोन खुर्च्या आणि सगळ्यांना मिळून एक स्वच्छतागृह. सकाळी आलेला माणूस संध्याकाळच्या माणसाला भेटत नाही. पण दोघं ज्या हवेत बसतात ती खोली, जिथे हात टेकतात ती मूठ आणि ज्या नळीतलं पाणी तोंडात घेतात ती नळी एकच असते.

हवा, पृष्ठभाग आणि पाणी या तीन वाटांनी आजार एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. या तिन्हींवर वेळेचा परिणाम मात्र वेगवेगळा होतो. हवेला वेळ दिला की ती निवळते. पृष्ठभाग नुसता वेळ जाऊन निर्जंतुक होत नाही. नळीत साचलेलं पाणी तर वेळ जाईल तसं बिघडत जातं. हे ध्यानात आलं, की दवाखान्यातली कुठली काळजी खरी आणि कुठली दिखाऊ, हे डॉक्टर नसलेल्या माणसालाही बरंचसं ओळखता येतं.

हवा : थांबलं तर निवळते

खोकताना, बोलताना तोंडातून लहानमोठे थेंब उडतात. मोठे थेंब मीटर-दोन मीटरवर जमिनीवर पडतात. अगदी बारीक थेंब पडायच्या आतच वाळतात आणि त्यांतून उरलेला सूक्ष्म कण हवेवर तरंगत राहतो. विल्यम फर्थ वेल्स या अमेरिकी संशोधकाने १९३४ साली हा फरक मांडला. गोवर, कांजिण्या आणि क्षय हे अशा तरंगत्या कणांतून पसरणारे आजार आहेत. गोवराचा विषाणू बंद जागेतल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो.

दातांच्या दवाखान्यात या थेंबांमध्ये यंत्रांची भर पडते. १९५७ साली एअरोटर बाजारात आला आणि दात कोरण्याचं काम झटपट होऊ लागलं. त्याची टोकाची बर मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेते. दात तापू नये म्हणून तिच्यावर पाण्याचा फवारा सोडावा लागतो. दात साफ करायचा अल्ट्रासॉनिक स्केलरही पाणी उडवतच काम करतो. या फवाऱ्यात लाळ मिसळते, हिरड्यांतून आलं असेल तर रक्तही मिसळतं. लाळेच्या एका मिलिलिटरमध्ये दहा कोटींच्या घरात जिवाणू असतात. त्यांतले बहुतेक निरुपद्रवी. पण न दिसणारा क्षयरोग किंवा फ्लू असलेला माणूस खुर्चीत असेल, तर त्याचे जंतूही त्याच फवाऱ्यात असतात.

हा फवारा उडतो तिथेच पकडण्याचं साधन म्हणजे असिस्टंटने दाताजवळ धरलेलं मोठ्या तोंडाचं, जोरदार सक्शन. ते नीट धरलं तर फवाऱ्याचा फार मोठा भाग खोलीत पसरतच नाही. ओठात अडकवलेली बारीक वाकडी नळी तोंडात साचलेली लाळ ओढते, फवारा अडवणं तिला जमत नाही. तिच्याबाबत एक गोष्ट रुग्णालाही माहीत असावी. थुंकण्याऐवजी काही जण त्या नळीभोवती ओठ मिटून चोखतात. त्यामुळे नळीतला दाब उलटतो आणि आधीच्या रुग्णाची नळीत राहिलेली लाळ मागे तोंडात येऊ शकते. म्हणून ओठ सैल सोडून बसावं.

उरलेले कण जातात कधी, याचं गणित ठरलेलं आहे. खोलीतली सगळी हवा तासातून किती वेळा बदलते, त्यावर ते अवलंबून असतं. तासाला बारा वेळा बदलत असेल, तर तरंगते कण ९९ टक्के कमी व्हायला २३ मिनिटं लागतात. सहा वेळा बदलत असेल तर ४६ मिनिटं. दोनच वेळा बदलत असेल, तर १३८ मिनिटं. जॉर्जियातलं ते मूल तासाभराने येऊनही आजारी का पडलं, याचं उत्तर या आकड्यांत सापडतं.

आता आपल्या गाळ्यातल्या दवाखान्याकडे पाहा. बाहेर रस्त्याची धूळ आणि हॉर्न, म्हणून खिडकी बंद. आत स्प्लिट एसी. साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा गार करून पुन्हा फिरवतो. पार्टिशन छतापर्यंत गेलेलं नसेल, तर आतल्या खुर्चीची हवा सोफ्यावर बसलेल्यांपर्यंत सहज येते. उपाय महाग नाही. खुर्चीच्या खोलीत बाहेर हवा फेकणारा एक्झॉस्ट पंखा बसवला आणि तो दिवसभर चालू ठेवला, की वेटिंग रूमची हवा आत ओढली जाते आणि तिथून बाहेर पडते. उलट्या दिशेने तिचं येणं थांबतं. १९ मे २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दंतवैद्यकांसाठी कोविडकाळातल्या सूचना काढल्या, तेव्हा फोनवर आधी लक्षणं विचारून घेणं आणि हवा खेळती ठेवणं यांवर त्यात भर होता. कोविडची भीती ओसरली, तरी या दोन्ही गोष्टींची गरज संपलेली नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे पाव भारतात आहेत. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असणाऱ्या माणसाने आधी त्याची तपासणी करून घ्यावी आणि दाताचं काम तातडीचं नसेल तर पुढे ढकलावं, हे सगळ्यांच्याच भल्याचं.

पृष्ठभाग : पुसल्याशिवाय जात नाही

नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातले प्राध्यापक जेम्स क्रॉफर्ड यांनी १९७० च्या दशकात दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना एक प्रयोग करून दाखवला. लाळेचा रंग लाल असता तर काय दिसलं असतं, एवढाच त्यांचा प्रश्न होता. हाताला लाल रंग लावून नेहमीसारखं काम केलं. थोड्याच वेळात दिव्याची मूठ, खुर्चीची बटणं, ड्रॉवरची कडी, औषधाच्या बाटल्या, कागदपत्रं सगळीकडे लाल बोटं उमटली. खरी लाळ रंगहीन असते, म्हणून हे डाग कोणालाच दिसत नाहीत.

हिपॅटायटिस बीच्या विषाणूमुळे हे डाग गंभीर ठरतात. तो वाळलेल्या रक्तात सामान्य तापमानाला किमान सात दिवस जिवंत राहतो. २००१ साली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात साठीच्या एका बाईंना हिपॅटायटिस बी झाला. शोध घेतल्यावर कळलं, की त्यांनी जिथे दात काढून घेतले होते, तिथे त्याच दिवशी काही तास आधी या विषाणूच्या एका वाहकावर उपचार झाले होते. दोघांच्या शरीरातल्या विषाणूंची जनुकीय रचना जुळली. दवाखान्याच्या कामात तपासणी करणाऱ्यांना मोठी चूक सापडली नाही. एखाद्या पृष्ठभागावर राहून गेलेलं रक्त, हा त्यांनी मांडलेला सगळ्यात शक्य तर्क होता.

दातांच्या दवाखान्यांसाठी अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २००३ साली जी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली, त्यांत पृष्ठभागांचे दोन गट केले आहेत. उपचार करताना ज्यांना ग्लोव्हजचा हात लागतो ते एका गटात: दिव्याची मूठ, खुर्चीचं बटण, ड्रॉवरची कडी, एक्स-रेचं यंत्र, संगणकाचा माउस. दुसऱ्या गटात फरशी, भिंती आणि बेसिन. पहिल्या गटाला प्रत्येक रुग्णानंतर एक तर प्लास्टिकचं नवं आवरण लागतं, किंवा आधी साफ करून मग जंतुनाशकाने पुसणं लागतं. दुसऱ्या गटाला साबणपाण्याची रोजची सफाई पुरते. आपली नजर नेमकी उलटी चालते. चकचकीत फरशी आणि फिनेलचा वास यांनी आपण समाधान पावतो, आणि दिव्याच्या मुठीवर आवरण आहे का, हे कोणी पाहत नाही.

पुसण्यालाही वेळ लागतो. प्रत्येक जंतुनाशकाच्या बाटलीवर पृष्ठभाग किती मिनिटं ओला राहिला पाहिजे ते लिहिलेलं असतं. फवारा मारून लगेच कोरड्या कापडाने पुसलं, तर बाटलीतलं औषध वाया जातं. रक्ताचा किंवा लाळेचा थर आधी काढला नाही, तर औषध खालच्या जंतूंपर्यंत पोचतच नाही. नुसतं स्पिरिट फार लवकर उडून जातं, म्हणून खुर्चीच्या सफाईला त्याच्या भरवशावर राहता येत नाही.

वेटिंग रूममधला धोका वेगळ्या प्रकारचा आहे. तिथे रक्त सांडत नाही, तिथे हात फिरतात. केसपेपर भरायचं पेन, कार्डाचं मशीन, दाराची कडी, स्वच्छतागृहाचा नळ यांवरून सर्दी, फ्लू आणि जुलाबाचे विषाणू प्रवास करतात. हात नाकाडोळ्यांपर्यंत जाईस्तोवर त्यांचं काही चालत नाही, म्हणून इथला खरा इलाज हातांची स्वच्छता हाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेप्रमाणे अल्कोहोलयुक्त द्रावण हातांवर २० ते ३० सेकंद चोळायचं, साबणपाण्याने धुवायचं तर सगळं मिळून ४० ते ६० सेकंद. जुलाबाच्या नोरोव्हायरसवर अल्कोहोल फारसं चालत नाही. म्हणून स्वच्छतागृहात सॅनिटायझरची बाटली ठेवून भागत नाही, साबण आणि वाहतं पाणी हवंच.

खेळण्यांबाबत २००२ साली न्यूझीलंडमधल्या डॉक्टरांच्या दवाखान्यांतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कापडी, मऊ खेळणी टणक प्लास्टिकच्या खेळण्यांपेक्षा कितीतरी जास्त दूषित निघाली. ती धुणं अवघड, आणि धुतल्यावरही लवकरच पुन्हा दूषित होतात. तेव्हा मुलांचा कोपरा ठेवायचा असेल, तर धुऊन वाळवता येतील अशी चार प्लास्टिकची खेळणी पुरेत. टेडी घरचाच बरा.

पाणी : थांबलं की बिघडतं

तोंडात येणारं पाणी स्वच्छच असणार, असं आपण गृहीत धरतो. १९६३ साली ब्रिटनमधले जी. सी. ब्लेक यांनी दंतवैद्यकीय यंत्रांतल्या पाण्यात जिवाणूंची मोठी वाढ होते, हे नोंदवलं. कारण यंत्राच्या रचनेतच आहे. खुर्चीपासून एअरोटरपर्यंत पाणी अगदी बारीक प्लास्टिकच्या नळ्यांमधून जातं. दिवसभरात त्यातून पाणी वाहतं थोडं आणि थांबून राहतं फार. रात्री आणि रविवारी तर ते पूर्ण थांबलेलं असतं. बरेच दिवस न घासलेल्या माठाला आतून जो बुळबुळीत थर धरतो, तसाच थर या नळ्यांना आतून धरतो आणि त्यातून जिवाणू सुटून पाण्यात येत राहतात. एकदा थर जमला, की नुसतं पाणी सोडून तो निघत नाही.

सीडीसीच्या तत्त्वांनुसार साध्या उपचारांच्या पाण्यात एका मिलिलिटरमध्ये जिवाणूंच्या ५०० पेक्षा जास्त वसाहती नसाव्यात. काळजी न घेतलेल्या नळ्यांत हा आकडा हजारोंच्या, लाखांच्या घरात जातो. धडधाकट माणसाला बहुतेक वेळा काही होत नाही. पण २०११ साली इटलीत ८२ वर्षांच्या एका बाई लीजनेला जिवाणूच्या न्यूमोनियाने गेल्या. तो जिवाणू त्यांनी ज्या दंतवैद्याकडे उपचार घेतले होते तिथल्या पाण्यात सापडला. २०१६ साली कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइम शहरात मुलांच्या एका दंतदवाखान्यात दुधाच्या दातांच्या नसांवर उपचार घेतलेल्या सत्तरच्या आसपास मुलांना जबड्याचा संसर्ग झाला. क्षयाच्या जिवाणूचा नातलग असलेला एक जंतू नळीतल्या पाण्यातून आला होता. काही मुलांच्या जबड्याचा भाग आणि कायमचे दात काढावे लागले.

आपल्या देशातलं उदाहरण याहून भीषण आहे. २०२२-२३ च्या सुमारास तामिळनाडूच्या तिरुपत्तूर जिल्ह्यात मेलिऑइडोसिस या जिवाणूजन्य आजाराने मेंदूला संसर्ग होऊन लोक दगावू लागले. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी माग काढला, तेव्हा त्यांतले बरेच रुग्ण एकाच दंतदवाखान्यात जाऊन आलेले निघाले. त्या रुग्णांपैकी आठ जण दगावले. संशयाची सुई सलाइनच्या बाटलीवर थांबली. शस्त्रक्रियेच्या अवजाराने उघडलेली, सैल झाकलेली आणि एकामागून एक रुग्णांसाठी वापरलेली. सलाइन कारखान्यातून निर्जंतुकच आलं होतं. उघड्या बाटलीला दिलेला वेळ घातक ठरला.

उपाय साधे आहेत. सकाळी काम सुरू करण्याआधी नळ्यांतलं पाणी सोडून द्यायचं, आणि प्रत्येक रुग्णानंतर २० ते ३० सेकंद हँडपीसमधून पाणी व हवा सोडायची. वर लावलेल्या पाण्याच्या बाटलीत शिळ्या पाण्यावर भर घालत न राहता ती रोज रात्री रिकामी करून वाळवायची. फिल्टरच्या पाण्यात क्लोरिन उरत नाही, त्यामुळे ते साठवल्यावर त्यात जिवाणू लवकर वाढतात, हे पुष्कळ ठिकाणी लक्षातच येत नाही. ठरावीक काळाने नळ्यांना जंतुनाशकाची मात्रा द्यायची आणि पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यायचं. दात काढणं, इम्प्लांट बसवणं अशा हाड उघडं पडणाऱ्या कामाला निर्जंतुक पाणी किंवा ताजी उघडलेली सलाइनच वापरायची.

अवजारं किती आणि रुग्ण किती

ज्याबद्दल लोक सर्वाधिक विचारतात, त्या अवजारांचं शास्त्र मात्र बऱ्यापैकी सरळ आहे. त्वचेखाली, हाडात किंवा रक्तात जाणारं आणि तोंडात जाणारं सगळं वाफेने निर्जंतुक करायचं. एअरोटरचा हँडपीससुद्धा, कारण त्याच्या पोटात लाळ ओढली जाते. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांना किमान १५ मिनिटं किंवा १३४ अंशांना किमान ३ मिनिटं. पाऊचवरच्या पट्टीचा रंग बदलला म्हणजे ते पाऊच उष्णतेतून गेलं एवढंच कळतं. यंत्र खरंच काम करतं की नाही, हे कळायला उष्णतेला दाद न देणाऱ्या जिवाणूचे बीजाणू आत ठेवून तपासावं लागतं, आणि ते आठवड्याला एकदा करावं असा संकेत आहे.

अडचण हिशेबात येते. अवजार धुणं, वाळवणं, पाऊचमध्ये भरणं, वाफ देणं आणि पुन्हा वाळवणं, या सगळ्याला पाऊण ते एक तास लागतो. दवाखान्यात तीनच हँडपीस असतील आणि संध्याकाळच्या चार तासांत वीस रुग्ण असतील, तर कुठेतरी पाणी मुरतंय हे उघड आहे. तेव्हा निर्जंतुकीकरण होतं का, या प्रश्नाइतकाच अवजारांचे संच किती आहेत, हा प्रश्न कामाचा.

शिबिरांत हा हिशेब आणखी बिघडतो. २००९ साली अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात झालेल्या मोफत दंतशिबिरानंतर पाच जणांना हिपॅटायटिस बी झाला, तीन रुग्णांना आणि दोन स्वयंसेवकांना. आपल्याकडे शाळांत, देवस्थानांत, वाढदिवसांच्या निमित्ताने दंतशिबिरं होतात. तपासणी आणि सल्ल्यापुरती ती उत्तम. दात काढण्याचं काम मात्र जिथे ऑटोक्लेव्ह, पाणी आणि पुरेसे संच आहेत, तिथेच व्हावं.

कोणालाच वेगळं न काढता

अशा घटनांच्या नोंदी जगभरात तशा थोड्याच आहेत, म्हणून दाताच्या डॉक्टरकडे जायला घाबरण्याचं कारण नाही. दुखरा दात तसाच ठेवण्याचे तोटे निश्चितच अधिक. पण नोंदी थोड्या असण्यामागे एक कारण काळही आहे. हिपॅटायटिस बीची लक्षणं साधारण दोन ते पाच महिन्यांनी दिसतात, अनेकांना दिसतच नाहीत. तोवर अमुक दिवशी दात काढला होता, हे कोणाच्या डोक्यात येणार?

आणि बाहेरून पाहून रुग्ण ओळखताही येत नाही. आपल्या देशात दर शंभरातल्या दोन ते चार जणांच्या रक्तात हिपॅटायटिस बीचा विषाणू आहे. त्यांतल्या बहुतेकांना ते ठाऊक नाही. म्हणूनच आधुनिक पद्धतीत प्रत्येक रुग्णाचं रक्त आणि लाळ संसर्गजन्य आहे असं धरून सगळ्यांसाठी सारखीच काळजी घेतात. ती खरोखर घेतली जात असेल, तर एचआयव्हीबाधित माणसाला शेवटची वेळ देण्याची किंवा दारातून परत पाठवण्याची गरजच उरत नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने असा भेदभाव बेकायदाही ठरवला आहे. जिथे एका रुग्णाला वेगळं काढतात, तिथे बाकीच्यांसाठी काळजी कमी घेतात, असाच त्याचा अर्थ निघतो.

रुग्णाला पाहण्यासारखं पुष्कळ असतं. पाऊच आपल्यासमोर फोडलं का? दिव्याच्या मुठीवरचं आवरण बदललं का? डॉक्टरांनी ग्लोव्हजचा हात मोबाइलला लावून परत तोंडात घातला का? आपल्या आधी तोंडात पाणी धरलेला माणूस उठल्याबरोबर आपल्याला आत बोलावलं का? यांतलं काहीही विचारणं हा डॉक्टरांचा अपमान नाही. नीट काम करणारे डॉक्टर ते आनंदाने दाखवतात.

आपल्याकडूनही काही व्हायला हवं. ताप, खोकला किंवा अंगावर पुरळ असेल तर निघण्याआधी फोन करावा. एका दाढेसाठी घरच्या चौघांनी सोफा अडवू नये. आणि रिसेप्शनवरच्या ताईंनी सांगितलं की आतली खुर्ची तयार व्हायला दहा मिनिटं लागतील, तर घड्याळ दाखवून तक्रार करू नये. ती दहा मिनिटं फीमध्ये धरलेली असतात आणि आपल्यासाठीच खर्च होत असतात. बारा मिनिटांना एक रुग्ण उरकणाऱ्या स्वस्त दवाखान्यात हीच मिनिटं वाचवलेली असतात.